पदवीनंतरचा रविवार

बेळगावच्या महाविद्यालयात मी मराठी शिकवीत असताना ख्रिस्ती विद्यार्थ्यांचे एक प्रार्थनामंडळ दर शुक्रवारी दुपारी माझ्या वर्गखोलीत जमत असे. मी त्या धर्माचा नव्हे; खोलीची किल्ली माझ्याकडे असे, एवढाच माझा संबंध. तो वाढला एका पत्रामुळे. मंडळाचा प्रमुख असलेला विद्यार्थी पदवी घेऊन पुण्यास एका कारखान्यात लागला. सहा महिन्यांनी त्याने लिहिले, "सर, येथे चर्चमध्ये माझे नावही कोणी विचारीत नाही. मी जाणे सोडले आहे."

त्याची श्रद्धा उणावली असे मला वाटले नाही. महाविद्यालयातील मंडळ ही मुळातच अपवादात्मक गोष्ट आहे. सारे समवयस्क, एका आवारातले, संध्याकाळ मोकळी, भाड्याची चिंता नाही. पदवीबरोबर हे सर्व एकाच उन्हाळ्यात संपते. पुढे भेटते ती लहानथोरांची, संथ चालीची, पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांस ओळखणारी मंडळी. तीत नवख्यास रुळावयास वर्ष-दोन वर्षे सहज लागतात. हे त्याला आधी कोणी सांगितलेले नसते. निरोपसमारंभात तर जग बदलण्याचीच भाषा चालते.

युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया ही संघटना १९५४ साली स्थापन झाली. तिच्यात विद्यार्थ्यांप्रमाणे पदवीधरांचीही मंडळे आहेत, हे योग्यच. परंतु तयारी शेवटच्या वर्षीच व्हावयास हवी. पगारातून घरी किती धाडावे, खोलीची अनामत कोठून आणावी, रविवारी पाळी आली तर काय करावे, उपासना कानडीत असली तर कसे, हे विषय प्रार्थनेइतक्याच गांभीर्याने बोलले जावेत. माजी विद्यार्थी बोलवावेत. पण केवळ यशस्वी नकोत, नोकरी गमावलेला एखादाही असावा. आणि शिकत असतानाच गावातल्या मंडळीत जाऊन वृद्धांशेजारी बसण्याची सवय लावावी.

रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांचे पाचारण थोर खरे. पण त्या पाचारणापायी घरातल्या डब्यांची काय अवस्था होई, हे लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचल्यावाचून कळत नाही. प्रत्येक प्रार्थनामंडळाने ते पुस्तक वाचावे, असे मी या मुलांना सांगत असे. पौलही तंबू करण्याचा धंदा करीतच होता.

अलीकडे व्हॉट्सॲपमुळे जुने मंडळ खिशातच राहते. सोय मोठी, मात्र तिच्यामुळे शेजारच्या बाकावरील माणसाशी बोलण्याची निकड लांबणीवर पडते.

त्या विद्यार्थ्यास मी उत्तर धाडले होते, की तुझे नाव कोणी विचारीत नसेल तर तू कोणाचे तरी विचार. तीन वर्षांनी त्याचे दुसरे पत्र आले. तो चर्चच्या हिशेबाच्या वह्या लिहू लागला होता. छप्पर गळते आहे आणि वर्गणी जमत नाही, याच तक्रारीने दोन्ही पाने भरली होती.