ऐंशी रेघांचं कव्हर

इंग्लंडात ए-लेव्हलला, म्हणजे आपल्याकडच्या अकरावी-बारावीच्या वयात, ‘मीडिया स्टडीज’ हा विषय घेता येतो. तिथल्या ओसीआर या परीक्षा मंडळाच्या अभ्यासक्रमात बरीच वर्षं एक झकास प्रकल्प होता. एका अल्बमच्या प्रसिद्धीचा अख्खा संच करायचा. गाण्याचा व्हिडिओ सक्तीचा, आणि जोडीला तीनांतल्या दोन गोष्टी: बँडच्या संकेतस्थळाचं पहिलं पान, अल्बमच्या डिजिपॅकचं कव्हर, किंवा त्या डिजिपॅकची मासिकातली जाहिरात. लेस्टरला वाढलेल्या माझ्या पुतणीने शेवटच्या दोन निवडल्या आणि मला फोन लावला. काकाच्या पलंगाखाली रजया नसून रेकॉर्डी आहेत, हे तिला लहानपणापासून माहीत.

“काका, आधी कव्हर करू की जाहिरात?”

काकूच्या मते मी तेव्हापासून बोलतोच आहे. 

आधी डिजिपॅक. जाड कागदाचं घडीचं पाकीट आणि आत चिकटवलेला, सीडी बसवायचा प्लास्टिकचा ट्रे, एवढीच ही वस्तू. एक पान साधारण १४ सेंटिमीटर रुंद आणि १२.५ सेंटिमीटर उंच. चार पानी डिजिपॅक उलगडून सपाट ठेवला की बाहेरच्या बाजूला उजवीकडे पुढचं कव्हर, डावीकडे मागचं आणि मधे काही मिलिमीटरचा कणा. मुलं पुढच्या चित्रावर महिना घालवतात आणि कणा शेवटच्या रात्री करतात. पण दुकानाच्या फळीवर उभ्या ठेवलेल्या सीडीचा कणाच तेवढा दिसतो. आपल्याकडच्या कॅसेटवाल्यांना हे पक्कं कळत होतं. पुण्याच्या जुन्या बाजारात आजही कॅसेटींची चळत दिसली, की मी मान वाकडी करून कणेच वाचत जातो. गायकाचं नाव ठसठशीत आणि संगीतकाराचं मुंगीएवढं, हा अन्यायही तिथेच कळतो.

दुसरी गोष्ट घडीची. बरोबर क्रीझवर गडद काळा रंग आला, की घडी घालताना शाई तडकते आणि पांढरी रेघ उमटते. त्यावर लॅमिनेशन करावं लागतं किंवा रंगच बदलावा लागतो. कटिंगसाठी चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापून जाईल एवढा जादा छापील भाग, सोडायचा. मागच्या पानावर गाण्यांची यादी, बारकोड, हक्कांची ओळ आणि कंपनीचं चिन्ह एवढं मावलं पाहिजे. हे सगळं संगणकाच्या पडद्यावर सुंदर बसतं आणि हातात घेतलं की बिघडतं, म्हणून डमी करायची. छपाईच्या धंद्यातला कुठलाही जुना माणूस पहिल्यांदा हेच सांगेल.

इतिहास थोडक्यात उरकतो. पूर्वी रेकॉर्डी साध्या करड्या-तपकिरी पाकिटांत किंवा पुठ्ठ्याच्या बाडांत मिळत. कोलंबिया कंपनीत लागलेल्या अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस या तरुण चित्रकाराने १९४० साली रॉजर्स आणि हार्ट यांच्या गाण्यांच्या संचावर नाटकगृहाच्या दिव्यांच्या पाटीचं चित्र टाकलं आणि तिथून चित्रमय कव्हरांचा जमाना सुरू झाला. १९४८ला एलपी आली, चित्राला बारा इंचांचा चौकोन मिळाला. १९८२ला सीडी आली आणि बारा इंच जाऊन बारा सेंटिमीटर हातात राहिले. झाला इतिहास.

माझा जीव खरा अडकतो तो विद्यार्थ्यांनी, किंवा नुकत्याच कॉलेजातून बाहेर पडलेल्या पोरांनी केलेल्या कामात. रोलिंग स्टोन्सची ती लाल जीभ जॉन पाश या रॉयल कॉलेज ऑफ आर्टच्या विद्यार्थ्याने काढली. त्याने आधी बँडच्या १९७०च्या दौऱ्याचं पोस्टर केलं होतं. मग मिक जॅगरने त्याला कालीमातेचं चित्र दाखवलं आणि बाहेर आलेल्या जिभेवरून पुढचा विचार सुरू झाला. मोबदला ५० पौंड. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने २००८ साली तीच मूळ कलाकृती लिलावात ९२,५०० डॉलरला घेतली. आपल्या कालीच्या जिभेचा हा प्रवास मला दर नवरात्रात कुणाला तरी सांगावासा वाटतो.

ही जीभ पहिल्यांदा झळकली त्या १९७१च्या ‘स्टिकी फिंगर्स’च्या कव्हरवर, अँडी वॉरहॉलच्या कल्पनेनुसार, जीनच्या पँटची खरीखुरी चेन लावलेली होती. गठ्ठ्यात एकावर एक ठेवलेल्या रेकॉर्डींवर ती चेन रुतू लागली. उपाय काय, तर कारखान्यातच चेन अर्धी खाली ओढून ठेवायची, म्हणजे दाब आला तरी तो मधल्या कागदी लेबलवर येईल, खाचांवर नाही. वस्तू हाताळून न बघता केलेलं डिझाइन किती महागात पडतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

याच रॉयल कॉलेजातल्या स्टॉर्म थॉर्गरसनने ऑब्री पॉवेलबरोबर १९६८ साली हिप्नोसिस हा स्टुडिओ काढला. पिंक फ्लॉइडच्या १९७३च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’चा लोलक त्यांचाच, रेखाटन जॉर्ज हार्डीचं. त्यातली खुबी पुढच्या चित्रात नाही, घडीत आहे. रंगांचा पट्टा पुढून आत जातो, आतल्या पानांवर हृदयाच्या ठोक्यांच्या रेषेसह पुढे सरकतो आणि मागच्या कव्हरवरच्या उलट्या लोलकात शिरून पुन्हा पांढरा होतो. दुकानदाराने कव्हरं पुढची-मागची अशी शेजारी मांडली, की भिंतभर एकच अखंड रेषा! कव्हरच जाहिरात झालं.

आणि आता माझं सर्वांत लाडकं कव्हर. फर्ग्युसन रस्त्यावर अर्धा तास उभे राहा. काळ्या टी-शर्टवर डोंगररांगेसारख्या पांढऱ्या रेघा मिरवणारा एखादा मुलगा दिसेलच. त्यातल्या बऱ्याच जणांना ते जॉय डिव्हिजनच्या १९७९च्या ‘अननोन प्लेझर्स’चं कव्हर आहे हे माहीत नसतं, आणि त्याचं मला मुळीच वाईट वाटत नाही. चित्राने बँडला मागे टाकलं, एवढंच.

पीटर सॅव्हिल मँचेस्टर पॉलिटेक्निकमधून १९७८ साली बाहेर पडला. पुढे जॉय डिव्हिजनची रेकॉर्ड कंपनी झालेल्या फॅक्टरीच्या पहिल्या कार्यक्रमांचं पोस्टर त्याने कॉलेजातल्या ‘कानांना संरक्षण वापरा’ अशा धोक्याच्या पाटीवरून केलं आणि ते इतकं उशिरा दिलं की कार्यक्रमाला त्याचा उपयोग झाला नाही. तरी फॅक्टरीवाल्यांनी त्या पोस्टरला ‘फॅक १’ असा क्रमांक देऊन टाकला. पुढच्या वर्षी ‘अननोन प्लेझर्स’साठी बँडच्या बर्नार्ड समनरने केंब्रिजच्या खगोलशास्त्र विश्वकोशातली एक आकृती आणली. सॅव्हिलने ती उलटी केली: मूळ पांढऱ्यावर काळी होती, त्याने काळ्यावर पांढरी केली. पोत असलेला कागद घेतला. पुढच्या बाजूला ना बँडचं नाव, ना अल्बमचं.

ती आकृती आली कुठून? १९६७ साली केंब्रिजमध्ये जोसलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीला रेडिओ दुर्बिणीच्या लांबच लांब कागदी पट्ट्यांवर एक विचित्र नियमित ठोका सापडला. तो पहिला पल्सर, सीपी १९१९. दर १.३३७ सेकंदांनी एक स्पंदन. पुढे कॉर्नेल विद्यापीठातल्या हॅरल्ड क्राफ्ट या विद्यार्थ्याने आपल्या १९७०च्या प्रबंधासाठी एकापाठोपाठची स्पंदनं एकाखाली एक मांडली. पुढच्या रेघेचं शिखर मागच्या रेघेला झाकेल अशी संगणकाची आज्ञावली लिहिली, म्हणून सपाट आलेखाला डोंगरांची खोली आली. अशा ८० रेघा.

म्हणजे शोध लावला विद्यार्थिनीने, आलेख काढला विद्यार्थ्याने, कव्हर केलं कॉलेजातून वर्षभरापूर्वी सुटलेल्या पोराने. पल्सरच्या शोधासाठी १९७४चं नोबेल मात्र बेलच्या मार्गदर्शकांना, अँटनी ह्यूइश यांना मिळालं. बेलबाईंनी २०१८ साली मिळालेले ३० लाख डॉलर विज्ञानात क्वचित संधी मिळणाऱ्या गटांतल्या संशोधक विद्यार्थ्यांसाठी देऊन टाकले. विषय सोडून चाललोय, कळतंय. पण हे न सांगता पुढे जाववत नाही.

आणि आपल्या हाताशी तर खोडद आहे! नारायणगावजवळच्या जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना पल्सरांचाही अभ्यास करतात. २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनाला तिथे जत्रा भरते, शाळांच्या बसगाड्यांची रांग लागते. मी पिशवीतून ते कव्हर घेऊन गेलो होतो. तिथल्या एका संशोधक मुलीने बँडचं नावही ऐकलं नव्हतं. पण रेघांवर बोट फिरवत ती म्हणाली, “बघा ना, एकही रेघ दुसरीसारखी नाही. पण शेकडो स्पंदनांची सरासरी काढा, आकार तोच येतो.” कव्हरांवरची जाड जाड पुस्तकं वाचून मला जे मांडता आलं नव्हतं, ते तिने पल्सरबद्दल बोलता बोलता सांगून टाकलं.

पुतणीला मी तेच सांगितलं. आधी कव्हरही नाही आणि जाहिरातही नाही. बाकी सगळं बदललं तरी ओळख पटेल अशी एकच गोष्ट आधी शोध. विद्यार्थ्याकडे मॉडेल, स्टुडिओ, छायाचित्रकार यांसाठी पैसे नसतात. त्यामुळे त्याला एकच गोष्ट घेऊन तिच्यावर सगळं लावावं लागतं. माझ्या मते चांगली कव्हरं या टंचाईतूनच निघतात.

तिच्या मैत्रिणींच्या बँडचं गाणं होतं रात्री उघड्या असलेल्या लाँड्रीवर. तिने कपडे धुण्याच्या यंत्राचं गोल काचेचं दार निवडलं. डिजिपॅकच्या आत, ट्रेखाली, सीडी जिथे बसते बरोबर तिथे ते दार छापलं. सीडी काढली की आत फिरणारे कपडे. कण्यावर नावाशेजारी एक छोटं वर्तुळ. जाहिरातीत तेच वर्तुळ पानाच्या उजव्या कडेला अर्धं कापलेलं, म्हणजे पान उलटणाऱ्याचा अंगठा नेमका त्यावर. खाली नाव, तारीख आणि कंपनीचं चिन्ह. परीक्षणांतले तारे आणि चार ठळक ओळी, ज्या इंग्रजी संगीत साप्ताहिकांतल्या जाहिरातींत हटकून असत, त्या तिने आधी घातल्या होत्या आणि मग स्वतःच काढल्या.

आता ‘एनएमई’सारख्या संगीतपत्राचा साप्ताहिक छापील अंकही मार्च २०१८मध्ये थांबला आणि बहुतेकांना कव्हर भेटतं ते फोनवर, नखाएवढं. मग हा खटाटोप कशाला? माझं मत उलट आहे. नखाएवढ्या चौकोनात नाव वाचता येत नाही, चेहरा ओळखू येत नाही. टिकते ती एकच ठाम आकृती.

आपल्याकडे कॉलेजच्या बँडचं काम हाती घेतलेल्या अप्लाइड आर्टच्या मुलांना माझं सांगणं एवढंच. १४ बाय १२.५चे पुठ्ठे कापा, क्रीझ मारा, डमी आठवडाभर दप्तरात वागवा आणि काय झिजतं, काय तडकतं ते बघा. जाहिरात खऱ्या मासिकाच्या मधल्या पानावर चिकटवा आणि मासिक अशा माणसाच्या हातात द्या, ज्याला तुमच्या बँडशी काही घेणंदेणं नाही. तो पान उलटताना थांबला तर ठीक. नाही थांबला तर जाहिरातीत अक्षरं वाढवू नका, कव्हरकडे परत जा.