आकाशांतील विझलेल्या चुली

आपला सूर्य ज्या आकाशगंगेंत आहे ती दीर्घिका एकटी नाहीं. तिच्याभोंवतीं पन्नासांहून अधिक लहान दीर्घिका उपग्रहांप्रमाणें आहेत. त्यांपैकीं मॅगेलनचे दोन मेघ दक्षिण गोलार्धांतून नुसत्या डोळ्यांनीं दिसतात व त्यांत आजहि नवे तारे जन्मास येत आहेत. बाकीच्या जवळजवळ सर्वांत मात्र केवळ जुन्या ताऱ्यांचा मंद उजेड उरला आहे. असें कां व्हावें?

थंड हायड्रोजन वायु स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणानें आकुंचित झाला म्हणजे तारा घडतो. वायु हेंच ताऱ्यांच्या घरचें धान्य; कोठार रितें झालें कीं चूल विझावयाचीच. हा वायु २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओलहरी सोडतो, व त्यांवरून कोठारांतील शिल्लक समजते. जुन्नर तालुक्यांत खोडद येथें असलेल्या तीस अँटेनांच्या रेडिओ दुर्बिणीनें आपल्या परिसरांतील कित्येक क्षुद्र दीर्घिकांचा हा हिशेब मांडला आहे.

आतां दोन दीर्घिका शेजारीं ठेवून पाहूं. शिल्पकार तारकासमूहांतील दीर्घिका हार्लो शॅप्ली यांनीं १९३८ सालीं जाहीर केली. ती सुमारें २ लक्ष ८० हजार प्रकाशवर्षें दूर आहे. तिच्या ताऱ्यांमध्यें वायु जवळजवळ नाहीं. उलट २००७ सालीं प्रसिद्धीस आलेली सिंह राशींतील ‘लिओ टी’ तेजानें तिच्या दशांशाहूनहि कमी. पण ती १३ लक्ष प्रकाशवर्षांपलीकडे आहे, आणि तिच्यांत वायुहि आहे व अलीकडे जन्मलेले तारेहि. तेव्हां केवळ लहानपण हें कारण पुरत नाहीं. मोठीचें सान्निध्यहि भोंवतें.

आकाशगंगेभोंवतीं अतितप्त, विरळ वायूचें विस्तीर्ण आवरण आहे. त्यांतून लहान दीर्घिका वेगानें जाऊं लागली कीं, धावत्या आगगाडीच्या खिडकींतून बाहेर धरलेला पदर वाऱ्यानें मागें ओढला जावा, तसा तिचा वायु मागें खेंचला जातो. तारे जड व सुटे असल्यानें जागीं राहतात. या दाबाची उपपत्ति गन् व गॉट यांनीं १९७२ सालीं मांडली. मॅगेलनचे मेघ मोठे व बहुधा नुकतेच जवळ आलेले, म्हणून अद्याप तग धरून आहेत. तथापि त्यांच्यामागेंहि निसटलेल्या वायूचा लांबच लांब प्रवाह पसरला आहे.

परंतु सर्वच दोष थोरल्या शेजारणीच्या माथीं मारतां येत नाहीं. अत्यंत फिकट अशा सहा दीर्घिका हबल दुर्बिणीनें तपासल्या, तेव्हां त्यांतील बहुतेक तारे सुमारें १३ अब्ज वर्षांपूर्वींचे निघाले. या सहांचीं अंतरें वेगवेगळीं असून चुली मात्र जवळजवळ एकाच काळीं विझल्या! याचें कारण सर्वव्यापी असलें पाहिजे. विश्वांतील आद्य ताऱ्यांच्या व दीर्घिकांच्या अतिनील किरणांनीं सर्वत्र वायु तापला. दुबळ्या गुरुत्वाकर्षणाच्या दीर्घिकांना तो तापलेला वायु धरून ठेवतां आला नाहीं, कीं नवा ओढून घेतां आला नाहीं.

अशा रीतीनें एक उपासमार शेजारामुळें, तर दुसरी युगामुळें. कोणत्या दीर्घिकेची चूल केव्हां विझली हें तिच्या ताऱ्यांच्या वयांवरून कळतें. आणि म्हणूनच या निस्तेज, उपेक्षित दीर्घिका विश्वाच्या बाळपणाचा विश्वासार्ह दप्तरखाना ठरल्या आहेत.