खबऱ्या वेगळा, खबर वेगळी

हेरखात्यात खबर आली की तिला दोन शेरे मिळतात, आणि ते एकमेकांत मिसळायचे नसतात. खबऱ्या किती भरवशाचा, याला ए ते एफ. खबर किती खरी वाटते, याला १ ते ६. नाटो देशांत हीच पद्धत चालते. गंमत एफ आणि ६ मध्ये आहे. त्यांचा अर्थ 'वाईट' नव्हे, 'अजून ठरवता येत नाही'. नवा खबऱ्या म्हणजे एफ, मग तो कितीही छातीठोकपणे बोलो.

आता 'कर्व्हबॉल' या सांकेतिक नावाचा खबऱ्या घ्या. जर्मनीत आश्रयाला आलेला इराकी इंजिनिअर. सद्दामकडे जैविक अस्त्रांच्या फिरत्या प्रयोगशाळा आहेत, असं त्याने जर्मन हेरांना सांगितलं. अमेरिकेच्या हाती आले ते त्यांचे अहवाल, म्हणजे ऐकीवच. ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी तेच संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत मांडलं. त्याच्या गोष्टीला दुजोरा देणाऱ्या इतर खबऱ्यांपैकी एकावर तर मे २००२ मध्येच थापाड्या असल्याचा शिक्का बसला होता! तो शेरा वेळेवर कुणी पाहिलाच नाही. २०११ मध्ये कर्व्हबॉलने स्वतःच कबूल केलं, की ती गोष्ट त्याने रचली होती.