किंग्ज रोडवरचे ‘बझार’

लंडनच्या चेल्सी भागात किंग्ज रोडवर 1955 मध्ये फॅशन डिझायनर मेरी क्वांटने ‘बझार’ हे दुकान थाटले. तेव्हा ती 25 वर्षांची होती. कपडे बाहेरून आणून विकायचे, असा आधीचा बेत. पण मनासारखे काही मिळेना, म्हणून ती स्वतःच बेतून शिवू लागली. कापड आणायची हॅरॉड्स या बड्या दुकानातून, तेही किरकोळ भावाने! अशा हिशेबात नफा कुठून राहणार? पण रात्री शिवलेले दुसऱ्या दिवशी खपायचे आणि गिऱ्हाइकाला काय हवे, ते लगेच कळायचे. पॅरिसच्या फॅशनगृहांकडे ही सोय नव्हती.

क्वांटचे नाव जोडले गेले ते मिनिस्कर्टशी. पण तो नेमका कोणाचा, हा वाद जुनाच. पॅरिसचा फॅशन डिझायनर आंद्रे कुरेजही दावेदार होता. क्वांट मात्र श्रेय किंग्ज रोडवरच्या मुलींना देई. तेच पटते. नाव मात्र तिने आपल्या आवडत्या ‘मिनी’ मोटारीवरून ठेवले. स्कर्ट आखूड झाल्यावर लांब मोज्यांचे पट्टे दिसू लागले, तेव्हा रंगीत टाइट्सची चलती झाली. 1963 मध्ये तिने ‘जिंजर ग्रुप’ हा स्वस्त तयार कपड्यांचा विभाग काढला. 1966 मध्ये बकिंगहॅम राजवाड्यात ‘ओबीई’ हा किताब घ्यायलाही ती मिनी घालूनच गेली.