फोटो दिसला नाही, तरी माल कळावा

गटाची तूरडाळ वेबसाईटवर मांडायची, तर फोटो हवाच. पण फोटो पानात चिकटवलेला नसतो. पानात असतो फक्त त्याचा पत्ता. एचटीएमएलमध्ये त्यासाठी ‘आयएमजी’ ही खूण आहे. १९९३ साली मार्क अँड्रीसन यांनी ती सुचवली. तिच्यात ‘एसआरसी’पुढे फाईलचा पत्ता आणि ‘ऑल्ट’पुढे फोटोचं वर्णन लिहायचं.

नंतर फाईलचं नाव बदललं, तर पत्ता चुकतो, फोटो येत नाही. इंझोरीसारख्या गावात रेंज गेली, तरी तेच. अशा वेळी फोटोच्या जागी वर्णन दिसतं. अंध व्यक्तीला मोबाईल तेच वाचून दाखवतो. म्हणून तिथं नुसतं ‘फोटो’ लिहू नका. ‘घरची तूरडाळ, एक किलोची पिशवी’ असं लिहा. गिऱ्हाईकाला माल कळला पाहिजे.