पित्ताची गोळी आणि कात्रीपलीकडचा इशारा

भारताच्या औषध महानियंत्रकांनी २०१९ मध्ये सर्व राज्यांच्या औषध नियंत्रकांना एक पत्र पाठवले. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, एसोमेप्राझोल, लॅन्सोप्राझोल आणि त्यांची मिश्रणे यांच्या माहितीपत्रकात मूत्रपिंडाला होऊ शकणाऱ्या तीव्र इजेचा उल्लेख उत्पादकांनी करावा, असा त्याचा आशय होता. सूचना रास्त होती. पण ती रुग्णापर्यंत पोहोचणार कशी?

आपल्याकडे दुकानदार पट्टीतून कात्रीने चार गोळ्या कापून देतो. माहितीपत्रक असलेच तर खोक्यात राहते आणि चिठ्ठीशिवाय विक्री करू नये हा छापील इशाराही बहुधा उरलेल्या तुकड्यावर. ‘अनुसूची एच’मधील हे औषध ‘पित्ताची गोळी’ म्हणून सहज मागितले जाते, तितक्याच सहज मिळते.

औषध वाईट नाही. जठराच्या अस्तरातील आम्ल स्रवणारे पंप ते बंद करते. हे पंप जेवणाच्या वेळी कार्यरत होतात, म्हणून गोळी खाण्यापूर्वी अर्धा तास घ्यायची. जेवणानंतर घेतली तर तिचा गुण कमी येतो. पूर्वी व्रणातून रक्तस्राव झालेला आणि हृदयासाठी रोज अ‍ॅस्पिरिन घेणारा रुग्ण, किंवा संधिवातावर दीर्घकाळ वेदनाशामके घेणारी वृद्धा, यांना तिचे संरक्षण हवेच. त्यांनी वृत्तपत्रातील लेख वाचून (हाही त्यात आला) ती परस्पर थांबवू नये.

चिंता आहे ती प्रत्येक प्रतिजैविकाच्या जोडीला सवयीने लिहिल्या जाणाऱ्या आणि पुढे वर्षानुवर्षे चालू राहणाऱ्या गोळीची. दीर्घ वापराने ब-१२ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम घटू शकते. शाकाहारी घरांत ब-१२ची कमतरता आधीच असते. मूत्रपिंडाचा दाह तर थकवा, मळमळ अशा मोघम लक्षणांनी येतो, त्यामुळे संशय गोळीवर जातच नाही. शिवाय ती एकाएकी सोडली की आम्ल काही काळ उसळते आणि ‘हिच्याशिवाय चालत नाही’ अशी रुग्णाची खात्री पटते.

माहितीपत्रकात एक ओळ वाढवणे नियामकाला सोपे होते. चिठ्ठीवर किती दिवस घ्यायची हे लिहिणे आणि सुटी गोळी देताना तेच सांगणे, याची तपासणी करायला राज्यांकडे पुरेसे औषध निरीक्षक नाहीत. दुष्परिणामांची नोंद मात्र रुग्णालाही करता येते. औषधदक्षता कार्यक्रमाचे राष्ट्रीय समन्वय केंद्र गाझियाबादला भारतीय औषधसंहिता आयोगात आहे आणि त्याचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४ हा आहे. कापून दिलेल्या चार गोळ्यांवर तो छापलेला नसतो.