एक निदान झालं, दुसरं राहिलं

बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्षातून एकदा आरोग्य तपासणीचं पथक यावं, अशी सरकारी योजना आहे. पथकात दोन डॉक्टर, एक नर्स, एक औषधनिर्माता आणि त्यांच्या हाती तीस दोष-आजारांची यादी. दात किडलेत का, अंगात रक्त कमी आहे का, हृदयाला काही आहे का, हे सगळं त्यात येतंच. पण यादीच्या शेवटाकडे, मुलांच्या वाढीतल्या अडचणींमध्ये, ऑटिझम आणि एडीएचडी हीही दोन नावं आहेत. दोघांच्या मध्ये फक्त अध्ययन अक्षमतेची एक ओळ. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम हे या योजनेचं नाव, आणि तिची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधून झाली.

त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेत एक जाडजूड पुस्तक नव्याने निघालं. जगभरचे मानसोपचारतज्ज्ञ निदानासाठी ज्याचा आधार घेतात, त्या ‘डीएसएम’ची ही पाचवी आवृत्ती. तोवर, म्हणजे १९९४ च्या चौथ्या आवृत्तीपासून, नियम असा होता की मुलाला ऑटिझम आहे असं एकदा ठरलं की त्यालाच एडीएचडीही आहे असं लिहायचं नाही. लक्ष न लागणं, सतत हालचाल करणं हा ऑटिझमचाच भाग, वेगळं नाव कशाला द्यायचं, असा त्यामागचा विचार. २०१३ मध्ये ही अट निघाली. जवळजवळ वीस वर्षं डॉक्टरांना दोहोंपैकी एकच नाव लिहिता येत होतं. त्याचा फटका संशोधनालाही बसला. एकाचा अभ्यास करताना दुसऱ्याची लक्षणं असलेली मुलं अनेकदा वगळली गेली, आणि दोन्ही असलेल्या मुलांबद्दलचं ज्ञान तोकडं राहिलं.

ही दोन नावं आहेत तरी कशाची? एडीएचडीमध्ये लक्ष हवं तिथे धरून ठेवणं, हातपाय आवरणं आणि मनात आलं की लगेच न करता थांबणं मुलाला जड जातं. ऑटिझममध्ये माणसांशी संवाद साधणं, समोरच्याचा रोख ओळखणं अवघड जातं. शिवाय ठरलेल्या क्रमाचा आग्रह, एखाद्याच विषयाचं वेड आणि आवाज, स्पर्श, चव यांची फार जास्त किंवा फार कमी जाणीव हेही असतं. दोन्ही मेंदूच्या जडणघडणीशी निगडित आहेत आणि दोन्हींची सुरुवात लहानपणीच होते. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसलं आहे की दोन्हींमध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे आणि त्यातल्या काही जनुकीय खुणा दोघांना सामायिक आहेत. आईने लक्ष दिलं नाही म्हणून ऑटिझम होतो, हा समज विसाव्या शतकाच्या मध्यात डॉक्टरांनीच पसरवला होता. तो कधीच खोटा ठरला, तरी घरोघरी अजून सुनेलाच बोल लावला जातो, हे फार वाईट आहे.

आता धारूर तालुक्यातला दुसरीतला एक मुलगा कल्पनेने समोर आणू. धारूरच्या स्टँडवरून अंबाजोगाईला आणि माजलगावला कोणती एसटी किती वाजता सुटते, हे त्याला तोंडपाठ आहे. पेन्सिल मात्र रोज हरवते. ताट तेच हवं, भाकरी बाजरीचीच हवी, शाळेला जायचं तर त्याच बोळातून. पण वर्गात पाच मिनिटं बूड टेकत नाही. बाई फळ्याकडे वळल्या की हा दाराबाहेर. वरातीचा डीजे जवळ आला की कान दाबून रडतो, आणि डीजे गेला की ओट्यावरून उड्या मारतो. दप्तर भरायचा क्रम त्यानेच ठरवलाय, आणि तो क्रम विसरून गोंधळ घालणाराही तोच. मग क्रम मोडला म्हणून अर्धा तास रडारड. एक ओढ म्हणते सगळं होतं तसंच राहू दे, दुसरी म्हणते काहीतरी नवं हवं, आत्ताच हवं. दोन्ही असलेली अनेक माणसं मोठेपणी आपल्या लहानपणाबद्दल नेमकं हेच सांगतात.

गावात अशा मुलाबद्दल निकाल पटकन लागतो. ‘पोरगं हुशार हाय, पण लई वांड.’ आजी दृष्ट काढते. ‘त्याचा बाप बी उशिराच बोलला होता,’ असं म्हणून चुलता विषय संपवतो. यातलं एकही माणूस मुलाचं वाईट चिंतत नसतं, पण वर्षं जातात.

वरून सारखं दिसणारं वागणं आतून वेगळं असतं, म्हणूनच निदान अवघड. हाक मारली तर मूल वळत नाही. त्याला ऐकूच येत नसेल, तेव्हा आधी कानांची तपासणी करायलाच हवी. कान ठीक निघाले, तर त्याचं लक्ष छपरावरच्या चिमणीत अडकलं असेल. किंवा आपल्याला हाक मारली म्हणजे आपण वळायचं असतं, ही देवाणघेवाणच त्याच्यात पुरती रुजली नसेल. एखादं मूल सारखं मध्येच बोलतं. एकाला थांबता येत नाही म्हणून, दुसऱ्याला आपली पाळी कधी आली ते कळत नाही म्हणून, आणि तिसऱ्याच्या बाबतीत ही दोन्ही कारणं खरी असतात. दहा मिनिटांच्या तपासणीत हा फरक हाती लागणं कठीण. आईने घरचं आणि बाईंनी वर्गातलं सविस्तर सांगितलं तरच उलगडा होतो. मुलींमध्ये तर दोन्ही गोष्टी जास्त सुटतात. गप्प बसून खिडकीबाहेर पाहणारी मुलगी कुणाला त्रास देत नाही, म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही.

हे दुर्मीळ आहे असं समजण्याचं कारण नाही. जगभरचे अभ्यास एकत्र करून २०१९ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त आलेल्या आढाव्यानुसार ऑटिझम असलेल्यांपैकी सुमारे २८ टक्के जणांना एडीएचडीही असतो. आपल्याकडे इन्क्लेन संस्थेच्या पुढाकाराने पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या ३,९६४ मुलांची पाहणी झाली. त्यातलं एक ठिकाण होतं उत्तर गोवा. २०१८ मध्ये निष्कर्ष आले. सहा ते नऊ वयोगटात सुमारे १३.६ टक्के मुलांना मेंदूच्या वाढीशी संबंधित किमान एक अडचण होती, आणि अडचण असलेल्यांपैकी जवळपास एकपंचमांश मुलांना एकाहून अधिक अडचणी होत्या.

एकाच नावावर थांबल्याने काय होतं, ते अमेरिकेतल्या एका पाहणीत स्पष्ट दिसलं. २०१५ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात ती आली. ऑटिझम असलेल्या सुमारे १,५०० मुलांपैकी साधारण वीस टक्के मुलांना आधी एडीएचडीचं नाव मिळालं होतं. त्या मुलांचा ऑटिझम इतरांपेक्षा सरासरी तीन वर्षं उशिरा ओळखला गेला. चळवळेपणा आधी डोळ्यात भरला आणि शोध तिथेच थांबला. बोलणं-वागणं घडण्याच्या वयातली ही तीन वर्षं आहेत.

आपल्याकडे यात कायद्याची गाठ पडते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये एकवीस प्रकारची दिव्यांगता मोजली आहे. ऑटिझम त्यात आहे, अध्ययन अक्षमताही आहे, एडीएचडी नाही. ऑटिझमचं प्रमाणपत्र ‘इसा’ नावाच्या भारतीय मोजपट्टीवर ठरतं. तिच्यात चाळीस विधानं, प्रत्येकाला एक ते पाच गुण. बेरीज सत्तरच्या खाली राहिली तर ऑटिझम नाही असं धरतात. चाळीस टक्के दिव्यांगता लागली की सवलतींचं दार उघडतं. साहजिकच पालकांची सगळी धावपळ त्या एका कागदासाठी होते, आणि कागद हाती आला की ‘याला एडीएचडीही आहे का?’ हा प्रश्न कुणी काढत नाही. उलट ज्याला फक्त एडीएचडी आहे, त्याच्या आईला जिल्हा रुग्णालयातून रिकाम्या हाताने परतावं लागतं. शाळा तपासणीच्या एकाच यादीत जवळजवळ असलेल्या दोन गोष्टींना कायद्याने असं वेगळं वागवणं बदलायला हवं.

दुसरा प्रश्न विचारायचा तो उपचार बदलतात म्हणून. एडीएचडीसाठी सर्वाधिक वापरलं जाणारं औषध मिथाइलफेनिडेट. ऑटिझमसोबत अतिचंचलता असलेल्या ७२ मुलांवर अमेरिकेत त्याची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००५ मध्ये आले. साधारण निम्म्या मुलांना फायदा झाला. १८ टक्के मुलांना चिडचिडीसारख्या त्रासामुळे ते बंद करावं लागलं. नुसता एडीएचडी असलेल्या मुलांच्या मानाने फायद्याचं प्रमाण कमी आणि त्रासाचं जास्त. म्हणजे औषध निषिद्ध नाही, पण डोस थोडा, वाढ सावकाश आणि नजर बारीक लागते. आपल्याकडे हे औषध ‘शेड्यूल एक्स’मध्ये येतं. दुकानदाराला वेगळा परवाना लागतो, चिठ्ठीची एक प्रत जपून ठेवावी लागते, त्यामुळे कोपऱ्यावरच्या कुठल्याही मेडिकलमध्ये ते मिळत नाही. धारूरच्या कुटुंबाला जवळचा मोठा आधार अंबाजोगाईचा. स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात बालरोग आणि मानसोपचार असे दोन्ही विभाग आहेत.

ऑटिझमसाठी गोळीपेक्षा घरचा सराव मोलाचा, आणि त्यासाठी प्रत्येक वेळी तज्ज्ञच लागतो असंही नाही. गोव्यातल्या ‘संगत’ संस्थेने आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या सहकाऱ्यांनी मिळून ६५ मुलांवर एक चाचणी केली. ती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथे डॉक्टरांऐवजी प्रशिक्षण घेतलेले आरोग्य कार्यकर्ते पालकांसोबत बसले. आईबाप मुलाशी खेळतानाचं चित्रीकरण करायचं, मग ते सोबत पाहायचं. मूल कशाकडे पाहत होतं, आई कुठे घाई करून गेली, कुठे थांबल्यावर मुलाने स्वतःहून काही दाखवलं, हे तिला तिच्याच डोळ्यांनी दिसतं. बारा सत्रांनंतर पालक मुलांच्या कलाने घेऊ लागले आणि मुलंही स्वतःहून जास्त संवाद सुरू करू लागली. धारूरच्या अंगणवाडी सेविका आणि गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना हे शिकवता येण्यासारखं आहे. चंचल मुलासाठी त्यात भर घालायची ती छोट्या सत्रांची आणि मधल्या धावपळीची.

पण या तालुक्यात कॅलेंडर आडवं येतं. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं ऊसतोडीला निघतात, ती उन्हाळा लागल्यावर परततात. काही मुलं हंगामी वसतिगृहात किंवा आजीआजोबांपाशी राहतात, बरीच फडावर जातात. ठरलेल्या क्रमावर जगणाऱ्या मुलासाठी हे स्थलांतर सगळ्यात कठीण: घर बदललं, बोळ बदलला, ताटही बदललं. चळवळ्या मुलासाठी फडावर कोयते आहेत, ट्रॅक्टर आहेत, उघड्या विहिरी आहेत. आणि पथकाची शाळेतली वार्षिक फेरी नेमकी डिसेंबर-जानेवारीत आली, तर ज्याला तपासायचं तेच मूल हजेरीपटावर गैरहजर.

म्हणून धारूर, केज, वडवणी या भागातल्या शाळांची तपासणी जून ते सप्टेंबर या महिन्यांतच उरकायला हवी, आणि ऑटिझमची खूण झाली तर एडीएचडीचे प्रश्न, एडीएचडीची झाली तर ऑटिझमचे प्रश्न त्याच बैठकीत विचारायला हवेत. उत्तरांची एक प्रत आईच्या हाती द्यावी, म्हणजे साखर कारखान्यावरच्या दवाखान्यात किंवा तिथल्या शाळेत ती दाखवता येईल. अंबाजोगाईची पुढची तारीखही कुटुंब परत आल्यानंतरची, मे महिन्यातली, आधीच लिहून मिळावी.